बुळकांडी ते लम्पी : रोगाची नोंद आणि राज्यकारभार

बंगळूरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड हे नाव आज महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांस सुपरिचित आहे. कोणाचा मुलगा तेथे नोकरीस असतो, कोणाची सून असते, कोणी स्वतःच पुण्याहून बदली होऊन आलेला असतो. काचेच्या इमारती, उड्डाणपूल आणि २०२३ पासून धावणारी मेट्रो एवढेच त्याचे रूप बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. हे गाव मुळात शेती करण्यासाठी वसविण्यात आले होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेस सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहतीस व्हाइटफील्ड हे नाव मिळाले. या समाजाने नोकरीच्या मागे न लागता जमीन कसावी, गुरे पाळावीत आणि स्वावलंबी व्हावे, अशी व्हाइट यांची कल्पना होती. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात म्हैसूर संस्थानातील माणसे आणि गुरे मोठ्या संख्येने मेली होती. त्यानंतर चारच वर्षांनी मांडलेला हा प्रयोग होता.

शेतीचा तो प्रयोग फारसा फळास आला नाही. तथापि आसपासच्या मूळ खेड्यांतील गोठे टिकले. इमारतींच्या मागे, तळ्यांच्या काठी, अर्धवट बांधकामांच्या मोकळ्या जागेत आजही गाई चरताना दिसतात. सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य या भागात असताना आमच्या वसाहतीस दूध घालणारे एक वृद्ध गृहस्थ अशाच एका जुन्या खेड्यातले होते. आम्ही सर्व त्यांना 'अज्जा' म्हणत असू. २०२२ च्या पावसाळ्याअखेरीस त्यांच्या एका गाईच्या मानेवर आणि पाठीवर सुपारीएवढ्या गाठी उठल्या, पुढचे पाय सुजले आणि तिने चारा सोडला. मी पाहावयास गेलो तेव्हा अज्जा शांतपणे म्हणाले, "सार, हा दोड्ड रोग नाही. दोड्ड रोग मी लहानपणी पाहिला आहे. त्यात गोठाच रिकामा होतो."

कानडीत दोड्ड रोग म्हणजे मोठा रोग. इंग्रजी कागदपत्रांत तो रिंडरपेस्ट आणि आपल्याकडे बुळकांडी. माझे आजोबा हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणीत, एवढे मला आठवते. अज्जांच्या गाईला झालेला रोग लम्पी होता. या दोन रोगांच्या निमित्ताने शासनसंस्थेच्या एका जुन्या दुखण्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी पशुवैद्यक नव्हे, अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि सरकारी नोकर आहे. त्यामुळे रोगापेक्षा रोगाच्या नोंदीकडे माझे लक्ष अधिक जाते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

१. शिवेबाहेरचा गाडा

बुळकांडी या नावातच पाण्यासारख्या हगवणीचा अर्थ आहे. संसर्ग झाल्यावर काही दिवसांनी जनावरास कडक ताप भरे, डोळ्यांतून व नाकातून स्राव वाहू लागे. हिरड्यांवर आणि जिभेखाली कोंडा भुरभुरावा तसे पांढुरके ठिपके दिसत, त्यांचे व्रण होत, लाळ गळे आणि तोंडास दुर्गंधी येई. मग हगवण लागे, शरीरातले पाणी आटे आणि ताप आल्यापासून सहा ते बारा दिवसांत जनावर आडवे होई. जे वाचे त्यास पुन्हा आयुष्यात हा रोग होत नसे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल मरणे म्हणजे एक जनावर कमी होणे नव्हे. नांगर, मोट, गाडी आणि खत या चारही गोष्टी एकाच आठवड्यात बंद पडणे होय. पेरणीच्या तोंडावर साथ आली तर त्या वर्षीचे पीक जाई आणि पुढील अनेक वर्षे सावकाराच्या वहीत जात. आफ्रिकेत १८९० च्या सुमारास हा रोग प्रथमच मोठ्या प्रमाणावर शिरला तेव्हा अनेक प्रदेशांतील दहापैकी आठ-नऊ गुरे मेली आणि इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. हिंदुस्थानात रोग जुनाच असल्यामुळे एवढा एकाएकी संहार होत नसे. दरवर्षी कोठे ना कोठे तो चालूच असे आणि लोकांनी त्यास नशिबाचा भाग मानले होते.

साथ आली की महाराष्ट्रातील खेड्यांत मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडण्याची रीत होती. पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलावा, असा त्यातला व्यवहार. आपल्या कृतीची झळ तिसऱ्याला बसते आणि तिची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही, या प्रकारास अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नाही. आजारी बैल घाईघाईने बाजारात नेऊन विकणारा शेतकरीही तेच करीत असे. अशा वेळी मध्ये पडून सर्वांचा हिशेब एकत्र मांडणे हे शासनाचे काम ठरते.

२. पुण्यातून मुक्तेश्वरास

इंग्रज सरकारने या प्रश्नात लक्ष घातले त्यामागे लष्कराची जनावरे आणि शेतसारा ही दोन्ही कारणे होती. गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. त्याचे प्रमुख हॅलन हे मुंबई इलाख्यातील लष्करी पशुवैद्यक होते. १८८६ साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि डिसेंबर १८८९ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. भारतातील पशुरोग संशोधनाची ही गंगोत्री मराठी मुलखात आहे, हे आपण मराठी लोकही विसरून गेलो आहोत. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख.

भरवस्तीच्या शहरात असा संसर्गजन्य रोग हाताळणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ नंतर ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तेथे येऊन गेले. पुढे तिचाच विस्तार बरेलीजवळील इज्जतनगर येथे झाला आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. बंगळूरच्या हेब्बाळ भागात १९२५ साली म्हैसूर सीरम इन्स्टिट्यूट निघाली, तीही मुख्यतः याच रोगाच्या प्रतिकारासाठी. व्हाइटफील्डहून विमानतळाकडे जाणारा मराठी तरुण हेब्बाळच्या उड्डाणपुलावरील कोंडीत अडकून बसतो, तेव्हा त्या पुलाच्या आसपासच हा इतिहास घडला आहे, याची त्यास कल्पना नसते.

या रोगाने जगाच्या कारभारावरही ठसा उमटविला. १९२० साली भारतातून ब्राझीलकडे निघालेली गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरविण्यात आली आणि त्यांच्यासोबत गेलेल्या बुळकांडीची साथ बेल्जियममध्ये पसरली. त्या धक्क्यातून १९२४ साली पॅरिस येथे प्राणिआरोग्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आपल्या देशातील रोगाची खरी माहिती इतर देशांना वेळेवर कळविणे हे तिच्या सभासदांचे मुख्य कर्तव्य ठरले. म्हणजे शिवेबाहेर गाडा ढकलण्याआधी निदान पुढच्या गावास निरोप द्यावा, एवढा करार जगातील राष्ट्रांनी केला.

३. एकच विषाणू, निरनिराळी जनावरे

युरोपने बुळकांडी घालविली ती मुख्यतः बाधित कळप मारून, हद्दी बंद करून आणि पुढे मालकास भरपाई देऊन. भारतात गाय मारण्याचा मार्ग समाजास मान्य होणारा नव्हता आणि सरकारच्या तिजोरीसही झेपणारा नव्हता. त्यामुळे येथे भिस्त लशीवर ठेवावी लागली.

मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात हा विषाणू एका बोकडातून दुसऱ्या बोकडात असा शेकडो वेळा फिरवून सौम्य केला. त्यापासून झालेली लस स्वस्त होती आणि मैदानी देशी गुरांना मानवत असे. डोंगरी गुरे, विदेशी रक्ताच्या गाई आणि काही म्हशी यांना मात्र तीच लस जड जाई, कधी प्राणघातकही ठरे. रोगाचेही तसेच होते. एकाच विषाणूने मैदानातील खिलार बैल थोडा आजारी पडून उठे आणि डोंगराळ मुलखातील गाय दगावे. एका जिल्ह्यातील अनुभवावरून साऱ्या देशासाठी आदेश काढू नये, हा धडा यात होता. सौम्य केलेल्या इतर लशी नंतर आल्या. १९६० च्या सुमारास वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात पेशीसंवर्धनावर वाढविलेली लस तयार केली. ती सर्व जातींच्या जनावरांस सुरक्षित होती आणि एका टोचणीत दीर्घकाळ संरक्षण देत असे.

येथे विषाणूच्या जनुकीय रचनेचा प्रश्न येतो. पुढे जनुकांचे वाचन शक्य झाले तेव्हा बुळकांडीच्या विषाणूच्या तीन वंशशाखा आढळल्या. दोन आफ्रिकेतील आणि एक आशियातील. आशियाई शाखेचा वावर भारतीय उपखंडापासून पश्चिम आशियापर्यंत होता. आफ्रिकेतील दुसरी शाखा तर तीसहून अधिक वर्षे दिसेनाशी झाली होती. १९९४ मध्ये केनियातील त्साव्हो परिसरातील रानरेडे आणि कुडू हरणे मरू लागली तेव्हा ती पुन्हा सापडली. पाळीव गाईंमध्ये तिची लक्षणे इतकी सौम्य होती की गुराख्यांना आणि अधिकाऱ्यांना ती साथ वाटलीच नाही. रानटी जनावरांत मात्र तोच विषाणू जीवघेणा ठरत होता.

सुदैवाची गोष्ट ही की या तिन्ही शाखांवर एकच लस चालत असे. रोगातून उठलेले जनावर पुढे विषाणू बाळगीत फिरत नसे आणि विषाणू उघड्यावर फार काळ तग धरीत नसे. निसर्गाने या रोगाच्या निर्मूलनाची सोय करून ठेवली होती. उरलेले काम माणसांच्या व्यवस्थेचे होते आणि तेथेच वर्षानुवर्षे घोडे अडले.

४. टोचण्यांची गणती

स्वतंत्र भारताने १९५४ साली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. गाई-म्हशींपैकी ८० टक्क्यांना पाच वर्षांत लस टोचावी आणि नंतर उरलेली जनावरे व नवी वासरे यांचे लसीकरण करीत राहावे, अशी योजना होती. साथींची संख्या झपाट्याने घटली, हे या कार्यक्रमाचे मोठेच यश होय. ज्यांनी सायकलवर बर्फाचे डबे बांधून खेडोपाडी लस पोचविली त्या पशुधन पर्यवेक्षकांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

परंतु रोग पूर्णपणे जाईना. विशेषतः दक्षिणेत तो ठाण मांडून बसला. याचे एक कारण गुरांच्या बाजारांत आणि त्यांच्या सततच्या स्थलांतरात होते. दुसरे कारण सरकारी फायलींत होते. लसीकरण मोजणे सोपे असते आणि रोग मोजणे अवघड असते. त्यामुळे कार्यक्रमाचे मूल्यमापन टोचण्यांच्या संख्येवर होऊ लागले. ज्या जिल्ह्याने अधिक टोचण्या दाखविल्या तो कार्यक्षम. ज्याने साथ कळविली त्याच्याकडे खुलासा मागितला जाई.

हे मी ऐकीव सांगत नाही. नोकरीत लागल्यानंतर प्रशिक्षणाच्या काळात, गेल्या शतकाच्या नव्वदीच्या दशकात, मी काही आठवडे एका जिल्ह्यात होतो. गुरांच्या लसीकरणाच्या आढावा बैठकीत एका तालुक्याची कामगिरी शंभराहून अधिक टक्के दाखविण्यात आली होती. गणनेत जितकी जनावरे होती त्याहून अधिक जनावरांस लस टोचल्याचा तो पुरावा होता. त्या अधिकाऱ्याचे अभिनंदन झाले. दुसऱ्या एका तरुण डॉक्टरांनी आपल्या भागात संशयास्पद मरतूक आढळल्याचे सांगितले. त्यांना भर बैठकीत विचारण्यात आले, "मग इतके दिवस आपण काय करीत होता?" पुढच्या महिन्याच्या त्यांच्या तक्त्यात मरतुकीचा रकाना निरंक होता. मी तेव्हा काही बोललो नाही. टिपणवहीत दोन्ही आकडे उतरवून घेतले, एवढेच.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर खरी माहिती देणाऱ्यास दंड आणि सोयीची माहिती देणाऱ्यास बक्षीस, अशी ती व्यवस्था होती. अशा व्यवस्थेत प्रामाणिक माणसेही हळूहळू गप्प बसावयास शिकतात. मरीआईचा गाडा आता कागदावरून शिवेबाहेर जात होता.

५. मेंढी कोणत्या रोगाने मेली?

दक्षिणेतील गोंधळात आणखी एक गाठ होती आणि ती सोडविण्याचा मान बंगळूरकडे जातो. शेळ्या-मेंढ्यांत ताप, तोंडातील व्रण आणि हगवण अशा लक्षणांच्या साथी दिसत. लक्षणे बुळकांडीसारखीच असल्यामुळे त्यांची नोंद बुळकांडी म्हणूनच होई. १९८७ मध्ये तमिळनाडूतील आजच्या विळुप्पुरम जिल्ह्यातील अरसूर या गावी मेंढ्यांत अशीच साथ आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एम. एस. शैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विषाणूची जनुकीय ओळख पटविली. १९८९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार ही बुळकांडी नव्हती. बुळकांडीच्याच कुळातला, पण वेगळा असा पीपीआर हा रोग होता. आफ्रिकेत तो १९४० च्या दशकापासून माहीत होता. भारतात त्याचे अस्तित्व प्रथमच सिद्ध झाले.

या शोधाचे प्रशासकीय मोल फार मोठे होते. मेंढ्यांतील प्रत्येक साथ बुळकांडी म्हणून नोंदली गेली असती तर गाई-म्हशींतील रोग संपल्यानंतरही भारत कागदोपत्री रोगग्रस्तच राहिला असता. उलट मेंढ्यांना बुळकांडीची लस टोचत राहिलो असतो तर त्यांच्या रक्तात बुळकांडीविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडत राहिली असती आणि खरा संसर्ग कोणता, हे ओळखता आले नसते. पुढे पीपीआरसाठी स्वतंत्र लशी निघाल्या. त्यांपैकी एकीच्या विषाणूचे नावच अरसूर ८७ असे आहे.

डोळ्यांना दिसणारी लक्षणे दोन वेगळ्या रोगांना एक ठरवू शकतात, हे अरसूरने दाखविले. एकाच रोगाची दोन रूपे वेगळी भासू शकतात, हे त्साव्होने दाखविले. रोगाचे नाव नेमके ठरल्याशिवाय त्याच्या निर्मूलनाचा दावा करता येत नाही. प्रयोगशाळा हा प्रशासनाचा बाहेरचा सल्लागार नसून नोंदवहीचाच भाग आहे, असे मला वाटते ते यामुळे.

६. थांबण्याचा निर्णय

१९९२ पासून युरोपीय समुदायाच्या साहाय्याने बुळकांडी निर्मूलनाचा नवा राष्ट्रीय प्रकल्प राबविण्यात आला. आधीच्या कार्यक्रमाहून त्याचे वेगळेपण असे की त्यात रोगाचा शोध घेण्यास लसीकरणाइतकेच महत्त्व दिले गेले. देशाचे रोगाच्या स्थितीनुसार विभाग पाडण्यात आले. गावोगाव फिरून चौकशी करणे, गुरांच्या ये-जा करण्याच्या वाटांवर तपासणी करणे, दवाखान्यांच्या दैनंदिन नोंदवह्या चाळणे आणि रक्ताचे नमुने तपासणे, ही कामे आखून देण्यात आली. 'आमच्याकडे रोग नाही' हे वाक्य पुरेसे राहिले नाही. 'आम्ही येथे येथे शोधले आणि सापडला नाही' असे लिहावे लागे. या दोन वाक्यांतील अंतर कापण्यास आपल्याला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

भारतातील बुळकांडीची शेवटची साथ १९९५ मध्ये तमिळनाडूच्या उत्तर आर्काट भागात नोंदली गेली. त्यानंतर सर्वांत कठीण निर्णयाची वेळ आली. तो होता लसीकरण थांबविण्याचा. लस टोचलेल्या जनावराचे रक्त आणि रोगातून उठलेल्या जनावराचे रक्त तपासणीत सारखेच दिसे. म्हणून लसीकरण चालू असेपर्यंत विषाणू खरोखर संपला की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. दुसरीकडे लस थांबविली आणि कोठे तरी विषाणू दडून राहिला असेल तर प्रतिकारशक्ती नसलेली कोट्यवधी गुरे त्याच्या तोंडी जाणार होती.

सरकारी नोकरीत एखादी गोष्ट सुरू करणाऱ्यास श्रेय मिळते. चालू गोष्ट बंद करणाऱ्याच्या वाट्यास केवळ जोखीम येते. काही अघटित घडले असते तर चौकशी त्याचीच झाली असती. तरीही संबंधितांनी टप्प्याटप्प्याने लसीकरण बंद करण्याच्या आदेशांवर सह्या केल्या. त्यामागे धाडस होते तसा शोधमोहिमांच्या नोंदींवरचा विश्वासही होता. आंतरराष्ट्रीय संघटनेने भारतास २००४ मध्ये रोगमुक्त आणि २००६ मध्ये संसर्गमुक्त म्हणून मान्यता दिली. २०११ मध्ये जगातून बुळकांडी नाहीशी झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालविलेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग होय.

या घटनेचा गाजावाजा फारसा झाला नाही. न घडलेल्या साथीची बातमी होत नसते.

७. लम्पीचे दिवस

आता अज्जांच्या गाईकडे परत येऊ. लम्पी हा रोग १९२९ मध्ये आजच्या झांबियात प्रथम दिसला. भारतात त्याची पहिली नोंद २०१९ साली ओडिशात झाली. याचा विषाणू देवीच्या कुळातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूंचा जवळचा आप्त. म्हणूनच आरंभी शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचण्यात आली. ताप, अंगभर गाठी, पायांवर सूज, दुधात घट, गाभ जाणे आणि पुढे वांझपण, अशी त्याची लक्षणे. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडी तो पसरवितात. मरतूक सामान्यतः बुळकांडीच्या मानाने थोडी असते. २०२२ मध्ये मात्र देशात लाखाहून अधिक गुरे दगावली. महाराष्ट्रात त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यापासून साथ पसरली. गुरांचे बाजार बंद झाले, लसीकरण विनामूल्य करण्यात आले आणि दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० रुपये व वासरामागे १६,००० रुपये साहाय्य ठरले.

२०१९ मध्ये सौम्य वाटलेला रोग तीन वर्षांत इतका उग्र का झाला, या प्रश्नाचा मागोवा पुन्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी इतर संस्थांच्या मदतीने घेतला. गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील बाधित गुरांच्या २२ नमुन्यांतील विषाणूंचे संपूर्ण जनुकीय वाचन त्यांनी केले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत देशात दोन भिन्न प्रकार फिरत असल्याचे दिसले. एक २०१९ मधील रांचीच्या आणि २०२० मधील हैदराबादच्या विषाणूशी मिळताजुळता होता. दुसऱ्यात पुष्कळ अधिक बदल होते आणि तो २०१५ मध्ये रशियात आढळलेल्या प्रकारांच्या जवळचा होता. रशियात आणि पूर्व आशियात तर लशीतील व रानातील विषाणूंची सरमिसळ होऊन झालेले नवे प्रकारही सापडले आहेत. बुळकांडीप्रमाणे हा प्रश्न एका लशीने आणि एका आदेशाने सुटेल, असे गृहीत धरणे योग्य होणार नाही.

लशीच्या बाबतीत आपण स्वस्थ बसलेलो नाही. रांचीतील विषाणूपासून हिसार आणि इज्जतनगर येथील संस्थांनी देशी लस तयार केली व ती ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. तिच्या उत्पादनाचे तंत्र पुण्याच्या शासकीय पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेसही देण्यात आले. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेले काम एका अर्थाने तेथे परत आले. २०२५ मध्ये व्हाइटफील्डपासून फारशा दूर नसलेल्या मालूर येथील बायोव्हेट या कंपनीच्या लम्पी लशीस परवाना मिळाला. लस टोचलेले जनावर आणि रोग झालेले जनावर तपासणीत वेगळे ओळखता यावे, अशी सोय तिच्यात असल्याचे सांगण्यात आले आहे. बुळकांडीच्या वेळी ही सोय असती तर थांबण्याचा तो निर्णय कितीतरी सुकर झाला असता.

८. खरे बोलण्याची किंमत

अज्जांनी मला त्या दिवशी विचारले होते, "सार, दवाखान्यात कळवू का?" मी अर्थातच होय म्हणालो. साथीच्या काळात कळविणे हे कर्तव्य आहे, असे दोन शब्दही ऐकविले. त्यांनी कळविले. डॉक्टर आले, औषधोपचार झाला, गोठ्यात धूर झाला, इतर गाईंना लस मिळाली. गाय वाचली, पण तिचे दूध निम्म्यावर आले.

दोन दिवसांत ही वार्ता आमच्या वसाहतीत पोचली. लम्पी माणसांस होत नाही आणि उकळलेले दूध निर्धोक असते, हे डॉक्टरांनी स्पष्ट केले होते. तरीही त्यांच्याकडून दूध घेऊ नये, असा निरोप भ्रमणध्वनीवरील गटात फिरला. सुशिक्षित, उच्चपदस्थ, चार देश हिंडून आलेल्या लोकांची ती वसाहत. मी त्या गटात सविस्तर खुलासा लिहिला. चार जणांनी आभार मानले आणि बहुतेकांनी पाकिटातले दूध सुरू केले. त्याच खेड्यातील आणखी दोन गोठ्यांत गाठी असलेल्या गाई होत्या, हे मला नंतर समजले. त्यांच्या मालकांनी कोणास काही कळविले नव्हते. त्यांचे एकही गिऱ्हाईक तुटले नाही.

काही महिन्यांनी अज्जांनी दोन गाई विकल्या. माझ्याविषयी त्यांच्या मनात राग नव्हता. निदान त्यांनी तो दाखविला नाही. मला मात्र तीस वर्षांपूर्वीची ती आढावा बैठक आठवली. तेथे खरे बोलणाऱ्या डॉक्टरांस वरिष्ठांनी गप्प केले होते आणि येथे खरे बोलणाऱ्या गवळ्यास गिऱ्हाइकांनी. दोन्ही वेळा मी उपस्थित होतो.

दगावलेल्या जनावराची भरपाई देण्याची तरतूद आपल्याकडे आहे. रोग कळविल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई देण्याची तरतूद मात्र मला कोणत्याही शासननिर्णयात आढळलेली नाही. गाय मेली तर पैसे मिळतात. गाय वाचली, दूध आटले आणि गिऱ्हाईक गेले तर मिळत नाहीत. ज्याच्या नोंदीमुळे शेजारच्या पन्नास गोठ्यांना वेळेवर लस मिळते त्याने सार्वजनिक हिताचे काम केलेले असते आणि त्याचा खर्च एकट्याच्या खिशातून जातो. पहिली खबर देणाऱ्या पशुपालकास ठरावीक रक्कम, काही आठवड्यांच्या दुधाच्या खरेदीची हमी आणि साथ कळविणाऱ्या डॉक्टरांच्या गोपनीय अहवालात त्या नोंदीचा अनुकूल उल्लेख, एवढ्या तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ फरक पडेल. त्यांचा खर्च एका फसलेल्या लसीकरण मोहिमेहून अधिक येणार नाही, असे मला वाटते.

विषाणूचे जनुक वाचण्याची विद्या आपल्याजवळ आहे. ती बंगळुरात आहे, पुण्यात आहे, हिसारमध्ये आहे. परंतु वाचनासाठी नमुना लागतो आणि नमुना मिळण्यासाठी कोणी तरी गोठ्याचे दार उघडून 'आमच्याकडे रोग आहे' असे म्हणावे लागते. वाचकांपैकी अनेकजण परमुलखातील अशाच वसाहतींत राहतात. पुढच्या साथीच्या वेळी असा निरोप गटात येईल तेव्हा तो पुढे धाडण्यापूर्वी एकदा त्या गोठ्यावर जाऊन यावे, ही विनंती.

अज्जा आजही येतात. उरलेल्या दोन गाईंचे दूध आम्ही सहा घरे मिळून घेतो.